न भरणारी टाकी

"आमची टाकी भरतच नाही, बाई," दादा म्हणाले, आणि हे वाक्य म्हणताना त्यांची छाती नेहमीसारखी दोन बोटं पुढं आली.

गेली चव्वेचाळीस वर्षं त्या घरात हे वाक्य अभिमानानं म्हटलं जात होतं. पाहुण्यांना विहिरीचं पाणी पाजून झालं की पाठोपाठ टाकीची गोष्ट ठरलेली. शेजाऱ्यांच्या दारात दर तीन वर्षांनी मैला उपसणारी गाडी यायची, गल्लीभर लोक नाकाला रुमाल लावून खिडक्या बंद करायचे, आणि दादा तेवढे फाटकात उभे राहून गंमत बघायचे. दवाखान्यात रांगेत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही त्यांनी ही गोष्ट सोडली नव्हती. बाविसाव्या वर्षी, वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, पाय मोडून ते खाटेला खिळलेले असताना, दादांनी ती टाकी एकट्याच्या जिवावर बांधली होती. गवंडी म्हणून त्यांचं ते पहिलं स्वतंत्र काम.

तपासनीस बाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला.

"एकदाही उपसली नाही?"

"एकदाही नाही. गरजच पडली नाही."

"चव्वेचाळीस वर्षं तुमच्या घराचं सगळं त्या टाकीत जातंय. टाकी भरली नाही. मग काका, ते गेलं कुठं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

"जमिनीत," ते म्हणाले. "जमीन पिते. आणि टाकी उताराच्या खालच्या अंगाला आहे, विहीर वरच्या. पाणी काही डोंगर चढून मागं येत नाही. जन्मभर पाणसळ लावून भिंती बांधल्यात मी, उतार मला नका शिकवू."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ते 'बरं' दादांना आवडलं नाही.

गंमत अशी की बाईंना बोलावलं होतं दादांनीच. नगर कार्यालयानं नवा नियम काढला होता: ज्याच्या आवारात स्वतःची विहीर आणि संडासाची टाकी दोन्ही आहेत, त्यानं दोन्हींची नोंद करायची, दोघींमध्ये निदान पंधरा मीटर अंतर ठेवायचं, टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची आणि पाणी वर्षातून एकदा तपासून घ्यायचं. कोणाच्या टाकीमुळं विहीर नासते आहे असा संशय असला तर अर्ज द्यायचा. गल्लीतल्या बाकीच्या लोकांनी हा कागद वाचून कपाळाला हात लावला. दादांनी मात्र तो दोनदा वाचला आणि त्याच दुपारी अर्ज नेऊन दिला. अर्ज धाकट्या भावाच्या विरुद्ध होता.

अंगणात वाटणीची भिंत उभी राहिली त्या वर्षापासून विहीर दादांच्या बाजूला आली होती, पण पाणी दोन्ही घरांचं. पुढं धाकट्यानं नवा संडास बांधायला काढला, आणि घरात सख्खा भाऊ गवंडी असताना बाहेरचा गवंडी बोलावला. दादा त्या आठवड्यात जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मग त्यांनी ठरवून टाकलं की हा संडास विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, त्याची घाण पाण्यात उतरणार, आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. धाकट्याचं घर तेव्हापासून नळाचं पाणी पितं. या गोष्टीला दोन वर्षं झाली.

आणि या वर्षी चिमणी आजारी पडली. चिमणी म्हणजे दादांची नात, पाच वर्षांची, दादांच्या काळजाचा तुकडा. चार महिन्यांत तीनदा जुलाब, तिसऱ्यांदा तर सलाईन लावायची वेळ आली. पोरीच्या हाताची शीर सापडेना तेव्हा दादा दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसले होते. तिथंच त्यांनी मनाशी पक्कं केलं की आता भावाला सोडायचं नाही.

बाईंनी टेप लावली. धाकट्याची टाकी विहिरीपासून अठरा मीटर, दादांची सोळा.

"दोन्ही नियमात बसतात," बाई म्हणाल्या. "पण टेप जमिनीवरचं मोजते. खालचं आपण रंगाला विचारू."

त्यांनी पेटीतून दोन बाटल्या काढल्या. एका बाटलीवर लाल पट्टी, दुसरीवर हिरवी. लाल रंग धाकट्याच्या संडासात, हिरवा दादांच्या. वर दहा दहा बादल्या पाणी. पाण्याला रंग चढला तर कोणाकडून आलं ते आपोआप कळेल. रंगानं काही अपाय होत नाही, पण निकाल लागेपर्यंत विहिरीचं पाणी कोणी प्यायचं नाही.

भिंतीपलीकडून धाकटा बघत होता. तो बसच्या आगारात मेकॅनिक. हात कायम काळे आणि बोलणं मोजकं.

"लाल दिसला तर?" त्यानं विचारलं.

"लाल दिसला तर तुझा संडास पाडायचा," दादा म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो."

"आणि हिरवा दिसला तर?"

दादा मोठ्यानं हसले. "हिरवा दिसला तर या विहिरीला मी माझ्या हातानं कुलूप घालीन, आणि किल्ली नेऊन तुझ्या बायकोच्या हातात देईन. पाणी भरायला तिची परवानगी मागीन, मग तर झालं?"

धाकट्याची बायको दारातच उभी होती. ती दवाखान्यात परिचारिका. चिमणीच्या हाताची शीर शेवटी तिनंच शोधली होती. बाईंनी विहिरीच्या जाळीवर कागदाची पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि तीन दिवसांनी येते म्हणून गेल्या.

त्या तीन दिवसांत दादांनी काय केलं ते त्यांच्या बायकोला सोडून कोणाला माहीत नव्हतं. बाकीचं घर कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाचं पाणी उकळून पीत होतं. दादांनी मात्र बाई येण्याच्या आदल्या दिवशी भरलेले विहिरीचे दोन हंडे स्वयंपाकघरात पोत्याखाली दडवून ठेवले होते.

"अहो, नको म्हणाल्यात ना त्या?"

"अण्णांच्या विहिरीचं पाणी आहे. सहासष्ट वर्षं हेच पितोय, मला काय झालं?"

"तुम्हाला नाही झालं. तिला झालं," बायको म्हणाली आणि भांडी आपटत आत गेली. दादांनी पेला भरला, पण त्या दिवशी तो जरा बेतानंच प्यायले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सगळे विहिरीभोवती जमले. अक्का मुद्दाम आली होती. अक्का दादांची थोरली बहीण, त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. ती जन्मली त्या वर्षी अण्णांनी ही विहीर खणली, म्हणून ती विहिरीला स्वतःची जुळी बहीण समजायची आणि तिच्याबद्दल कोणी वावगं बोललेलं खपवून घ्यायची नाही.

"मी सांगते, काही निघायचं नाही," तिनं खुर्चीत बसता बसता जाहीर केलं. "आणि निघालं तर लालच निघेल. बाहेरच्या माणसाचं काम." ती पहिल्यापासून दादांच्या बाजूची.

"अक्का, निदान झाकण तरी उघडू दे," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्यामुळंच हे सगळं."

धाकट्यानं मान वळवली. त्याची बायको ड्यूटीवरून तशीच आली होती, पांढऱ्या गणवेशात, आणि चिमणी तिचा हात धरून उभी होती. दादांना ते खटकलं, पण पोरीला हाक मारून बोलावून घेण्याची ही वेळ नव्हती.

बाईंनी शिक्क्याची पट्टी फाडली. दादांनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं, जाळी बाजूला सारली, बादली सोडली. दोर त्यांच्या हाताला पाठ होता. बादली पाण्याला कुठं टेकणार ते त्यांना न बघता कळायचं. वर आली तेव्हा त्यांनी ती चौथऱ्याच्या सावलीत ठेवली आणि सगळे एकदम वाकले.

पाणी स्वच्छ होतं. बादलीच्या तळाचा पत्रा दिसत होता.

"बघा!" दादा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात विजयापेक्षा सुटकाच जास्त होती. लाल नाही म्हणजे भाऊही सुटला, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही याचंच नवल वाटलं.

"सावलीत हा रंग झोपलेला असतो," बाई म्हणाल्या. "ऊन पाजावं लागतं. घरात मोठा आरसा आहे?"

कपाटाचा आरसा स्क्रू काढून धाकट्यानंच आणला. भिंत ओलांडून तो विहिरीच्या काठावर येऊन उभा राहिला, दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यानं आरसा उन्हात धरला आणि हळूहळू कलता केला. उजेडाचा एक चौकोन आधी अक्काच्या चेहऱ्यावरून गेला, मग चौथऱ्यावरून सरकत विहिरीत उतरला.

दादांनी ती विहीर जन्मभर पाहिली होती, आणि त्यांना वाटलं, आपण ती आज पहिल्यांदा पाहतोय. उजेड थरावरून थरावर खाली जात होता आणि अण्णांनी बसवलेला एकेक दगड वर येऊन तोंड दाखवत होता. चुन्याचं नाव नाही, सिमेंटचं नाव नाही. नुसता दगडात दगड, आणि पाच पुरुष खोलीपर्यंत कुठं केसभर फट नाही. दगडांच्या सांध्यांतून नेच्याची बारीक हिरवी पानं आली होती. स्वतः गवंडी असलेल्या माणसाला असं काम दिसलं की त्याचे हात आपोआप मागं जातात, तसे दादांचे गेले. असलं काम आपल्याच्यानं कधीच झालं नाही, हे त्यांना अगदी सरळ कळलं आणि त्याचं दुःखही झालं नाही.

मग उजेड पाण्याला लागला.

विहिरीचं सगळं पाणी आतून पेटलं होतं. हिरवं, पण पानाचं नाही, काचेचं नाही, दादांनी जन्मात न पाहिलेलं हिरवं. ते पाण्यावर तरंगत नव्हतं, पाण्यातूनच निघत होतं. जिथं उजेड पडे तिथं ते जागं होई, आरसा हलला की तिथं पुन्हा काळोख. धाकट्यानं आरसा सावरून धरला तसा तो उजळलेला तुकडा भिंतीभर नाचला.

"आजोबा!" चिमणी ओरडली. "विहिरीत दिवा लागला!"

"आरसा जरा डावीकडं घ्या," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. रोजचं काम असूनही त्यांचा आवाज खाली आला होता. "अजून. थांबा. तिथं."

जिथं अण्णांचे दगड संपून मूळ खडक सुरू होत होता, तिथं पाण्याच्या पातळीपासून हातभर वर एक आडवी चीर होती, आणि त्या चिरेतून हिरव्याची एक बारीक धार खडकाला चिकटून खाली उतरत होती. आवाज नाही, खळखळ नाही. ती चीर खालच्या अंगाला होती, दादांच्या टाकीच्या बाजूला.

"वरून जमीन तिकडं उतरते," बाई म्हणाल्या. "आत खडक मात्र इकडं उतरतो. पाणी मातीतून खाली गेलं, खडकाला लागलं, आणि खडकाच्या उतारानं परत आलं. सोळा मीटर. इथल्या कितीतरी विहिरींत मी हे बघितलंय, काका. वरचा उतार बघून कोणालाच खालचा सांगता येत नाही."

दादा त्या धारेकडं बघत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी पाणसळीची नळी धरून लोकांच्या घरांच्या जमिनी सरळ केल्या होत्या, आणि त्या सगळ्या वेळात त्यांच्या पायांखाली उलट्या दिशेनं उतरणारी दुसरीच एक जमीन होती. तिला कोणी पाणसळ लावली नव्हती. त्यांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं, ज्यापुढं माणूस टोपी काढतो. भावाला धडा शिकवायला निघालो होतो हे ते क्षणभर विसरूनच गेले.

"लाल?" अक्कानं विचारलं. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

"लाल कुठंच नाही. त्यांच्या टाकीला तळ आहे, गिलावा आहे. तरी नमुना प्रयोगशाळेत पाठवते." बाई दादांकडं वळल्या. "तुमच्या टाकीला तळाला काय आहे, काका?"

आता सगळे दादांकडं बघत होते. उत्तर त्यांना माहीत होतं. त्या उन्हाळ्यात सिमेंट थोडं कमी पडलं होतं, आणि त्यांनी ते सगळं भिंतींना वापरलं होतं, कारण भिंती लोक बघणार होते. तळ कोणाला दिसतोय, असं त्यांनी मनात म्हटलं होतं. संध्याकाळी अण्णांनी खाटेवरून ओरडून विचारलं होतं, "तळाला कोबा केलास का रे?" आणि त्यांनी अंगणातूनच उत्तर दिलं होतं.

"अण्णांनी विचारलं होतं मला," दादा म्हणाले. "मी हो म्हणालो." "केला नव्हता. तळाला काही नाही बाई, नुसती माती आहे. म्हणून भरत नाही ती. लिहा."

बायकोनं पदर तोंडाला लावला. अक्का खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली.

"म्हणजे आपण इतकी वर्षं..." ती म्हणाली. मग जन्मभर दादांची बाजू घेणारी ती बाई धाकट्याकडं वळून म्हणाली, "आरसा जड झाला असेल रे. ठेव खाली."

बाईंनी नियम सांगितला. विहीर आजपासून बंद. टाकी उपसायची, धुवायची, आठ दिवस उघडी ठेवून हवा खेळू द्यायची. तोवर आत कोणी उतरायचं नाही, कारण आतली हवा माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. मग तळ घालायचा, पाणी भरून गळत नाही हे दाखवायचं. त्यानंतर विहीर पूर्ण उपसायची आणि पाण्याच्या तीन तपासण्या लागोपाठ चांगल्या आल्या की कुलूप निघेल.

"निघेल ना पण?" दादांनी विचारलं.

"बहुतेक वेळा निघतं. विहीर तर उत्तम बांधलीय. कोणी बांधली?"

"आमच्या वडिलांनी," दादा आणि धाकटा एकदमच म्हणाले.

जाळी दादांनी स्वतः ओढली. कुलूप अडकवलं, किल्ली फिरवली, आणि ती कमरेला न लावता हातात धरून ते धाकट्याच्या बायकोसमोर जाऊन उभे राहिले. अंतर आठ पावलांचं असेल, पण त्यांना ते फार वाटलं.

"दादा, राहू द्या," ती म्हणाली. "रागात बोलून जातं माणूस."

"नाही. घे."

तिनं किल्ली घेतली आणि तळहातावर ठेवून तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एक बोलू? तुम्ही हे कुलूप घातलंत तेव्हा मी तुम्हाला काय काय म्हटलं असेल ते देवालाच माहीत. आधी आमच्याकडंही दर दोन महिन्यांनी कोणाचं ना कोणाचं पोट बिघडायचं. गेल्या दोन वर्षांत एकदाही नाही. मी परिचारिका, दादा, आणि मला हे आत्ता, इथं उभं राहून कळलं." तिनं चिमणीला जवळ ओढलं. "तुमच्या कुलपानं आमची पोरं वाचली. आणि ही..."

दादांना वाटलं, याहून तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्यांना पाणी तोडलं ती लेकरं सुखरूप होती, आणि जिला आपल्या हातानं पेला भरून पाजला तिच्या हाताला सुईची खूण होती. त्यांनी ती खूण पाहिली आणि मग सरळ आत गेले. पोत्याखालचे दोन्ही हंडे काढून अंगणात आणले आणि सगळ्यांसमोर ओतून दिले. बायकोनं रिकामे हंडे उचलून पालथे घातले.

"पाणी दे गं थोडं," ते धाकट्याच्या बायकोला म्हणाले. "तुमच्या नळाचं."

तिनं तांब्या भरून आणला. दादा उभ्यानं प्यायले. औषधाची चव होती, गारवा नव्हता. त्यांनी तांब्या संपवला आणि आणखी अर्धा मागितला, तो चिमणीनं त्यांच्या हातात दिला.

बाई कागद आवरून गेल्या. अक्का आणि बायको चहाच्या तयारीला लागल्या. चहा कोणाच्या घरी करायचा यावरून त्यांची कुजबुज चालली होती आणि पाणी ज्याच्याकडं त्याच्याकडं, असं ठरलं. विहिरीपाशी दोघे भाऊच राहिले. धाकटा आरशाचे स्क्रू खिशातून काढून मोजत होता.

"तुझ्या त्या गवंड्याला निरोप दे," दादा म्हणाले.

धाकट्यानं वर पाहिलं. "कोणाला?"

"ज्यानं तुझी टाकी बांधली त्याला. माझ्या टाकीचा तळ त्यानंच घालावा. काम चांगलं आहे त्याचं." हे वाक्य बाहेर काढायला त्यांना सबंध दुपारभर पडले नसतील इतके कष्ट पडले.

धाकट्यानं स्क्रू खिशात टाकले आणि म्हणाला, "देतो. तू असं कर, वर खुर्ची टाकून बस. गुडघे दुखतात तुझे. तो खाली काम करील, तू वरून विचारत राहा कोबा झाला का म्हणून."

"नुसतं विचारायचं?" दादा जाळीतून खाली बघत होते. ऊन कललं होतं, पाणी पुन्हा काळं आणि साधं दिसत होतं. आत काय आहे ते आता फक्त माहीत असणाऱ्यालाच माहीत. "अण्णांनी नुसतं विचारलं होतं. हवा खेळू दे, आठ दिवस होऊ दे, त्या बाई हो म्हणू देत. मग शिडी तू धर. मी खाली उतरून हात लावून बघणार आहे."